पाण्याखालची बागायत : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीत जिवंत वनस्पती वाढवणे ही बागायती शेतीचीच एक शाखा आहे. येथे पाणी मुबलक असते, जमीन वीतभर असते आणि मुख्य पीक शेवाळाचे असते. बाकीच्या वनस्पती आंतरपीक म्हणून घ्याव्यात.

टाकीसाठी वास्तुशास्त्र ईशान्य सुचवते, सोफा हरकत घेतो आणि अंतिम निकाल प्लगपॉइंट देतो. खिडकीचे ऊन थेट पडणारी जागा मिळाली, तर मुख्य पिकाची पेरणीही करावी लागत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तितक्याच उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. काच आणि रेती धरली, तर हॉलमध्ये एक धष्टपुष्ट पाहुणा कायमचा मुक्कामाला आल्यासारखे होते.

तळाला निळे-गुलाबी खडे पसरल्यास टाकी सणासुदीची दिसते, मुळांना मात्र त्यातून काही मिळत नाही. चाळलेल्या मातीचा इंचभर थर आणि त्यावर बारीक रेती पुरते. शेणखताचा मोह आवरावा. कुंडीतल्या गुलाबाला ते मानवते; टाकीत त्याचा अमोनिया होतो आणि सगळ्या माशांचे तेरावे एकाच दिवशी घालावे लागते.

लागवडीत अनुबियासचे आडवे खोड रेतीत खोल पुरण्याची प्रथा आहे. पुरलेले खोड कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधलेले रोप वर्षानुवर्षे जगते, पण त्यात काही पेरल्याचे समाधान नाही. क्रिप्टोकोरिनचे प्रकरण अधिक नाजूक आहे. रोपवाटिकेत ते बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेले असते. टाकीत आल्यावर काही दिवसांत त्याची पाने विरघळतात. मुळे शाबूत असतात आणि काही आठवड्यांत पाण्याला सरावलेली नवी पाने येतात. तोवर मालकाने रोप उपटून, दुकानदाराचा उद्धार करून, त्याच्याकडूनच दुसरे आणलेले असते. तेही विरघळते. सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये याच प्रजातीच्या काही जाती पावसाळी लोंढे सोसून उभ्या राहतात. हॉलमधल्या २६ अंशांच्या पाण्यात मात्र त्यांच्या नातलगांना धक्का बसतो.

दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. रात्री पाहुणे आले की तो पुन्हा लावावा आणि त्यांनी कौतुक केले की मालवायला विसरावे. प्रकाश वाढला की वनस्पतींची कार्बन डायऑक्साइडची गरज वाढते. ती भागली नाही तर वाढ खुंटते, पाण्यातली पोषकद्रव्ये शिल्लक राहतात आणि थोडक्यात संसार करणारे शेवाळ ती उचलते. सर्वांत प्रखर दिवा आणि वायू मुळीच नाही, ही भरघोस उत्पन्नाची खात्रीशीर जोडी. ज्यांना शेवाळ नकोच असेल त्यांनी दिवा मंद ठेवावा, किंवा साखर, यीस्ट आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीतून घरगुती वायुपुरवठा करावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले, की पुरवठा अति झाला असे समजावे.

पाण्याखालच्या बागेला कलेचा दर्जा मिळवून देणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ खाण्यासाठी एक छोटी कोळंबी टाकीत सोडण्याचा पायंडा पाडला. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोकणी घरात ही नेमणूक करण्यापूर्वी कोळंबी कामावर ठेवली आहे, कालवणासाठी नव्हे, हे वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे.

सगळे जमलेच, तर वॅलिसनेरिया रेतीतून धुमारे सोडत टाकी व्यापते आणि वाटण्याजोगे नातेवाईक लवकरच संपतात. जादा रोपे नदी-तळ्यात सोडू नयेत. मूळची दक्षिण अमेरिकेतली कॅबोम्बा केरळात कोझिकोडजवळ आवळा पांडी येथे पसरली, तेव्हा २०२० मध्ये तिच्या गुलाबी फुलांसमोर फोटो काढायला झुंबड उडाली. खालच्या पाण्याचे काय होते, ते फोटोत येत नाही. छाटलेला माल कडक उन्हात वाळवून कुंड्यांना घालावा. त्याला चिकटून फुकट आलेली गोगलगाईंची अंडीही तेथेच संपतात.