दीडशे मीटरची उद्योजकता

डोंबिवलीजवळच्या कोपरच्या बेरोजगार तरुणाला सरकारने कधीच वाऱ्यावर सोडलेले नाही. २०१५ मध्ये त्याला 'स्किल इंडिया' मिळाले, २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' आणि २०२४ च्या आषाढीला, थेट पंढरपुरातून, 'लाडका भाऊ' हे नातेही.

कामाच्या प्रशिक्षणाचे विद्यावेतन म्हणून या नात्याचा दर ठरलेला होता. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने. तेवढ्यात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला येते, पुढे सरकवायला मात्र वेळ लागतो. म्हणून की काय, मुदत ११ महिन्यांची झाली. ती संपताच प्रशिक्षित भाऊ कायम नोकरी मागत मुंबईत आंदोलनाला बसले. मागणीपत्र लिहिणे, घोषणा रचणे, माणसे जमवणे... कौशल्यविकास झाला नाही असे कोण म्हणेल?

'स्किल इंडिया'तल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेच्या नोंदी 'कॅग'ने तपासल्या, तर ९० टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याची जागा कोरी किंवा शून्ये भरलेली. काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून नुसतीच एकांची रांग. एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना पुरवलेला. काटकसर हाही उद्योजकाचाच गुण.

आणि ज्याने कुठलाच वर्ग केला नाही, तो स्टेशनबाहेर वडे तळतो. बटाट्याचा भाव, पावाची उधारी, कोणत्या लोकलला किती गर्दी उतरते, सगळे तोंडपाठ. अशांसाठी केंद्राने २०२० मध्ये स्वनिधी योजना आणली. पहिले कर्ज तेव्हा १० हजारांचे होते. कर्ज फेडायला धंदा हवा, धंद्याला गर्दी हवी, आणि गर्दी असते तिथे, स्टेशनपासून १५० मीटरच्या आत, फेरीवाल्याला उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने मनाई आहे. चालणाऱ्याला वाट हवीच. एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगरी विसरता येणार नाही. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार पालिकांनी समित्या नेमून जागाही ठरवून द्यायच्या होत्या. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळते. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी तेवढी रेंगाळत नाही.

ती दिसताच स्टोव्ह विझवायचा, उकळत्या तेलाची कढई न सांडता उचलायची, गिऱ्हाइकाचे सुटे परत करायचे आणि गल्लीत शिरायचे. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला २०२४ मध्ये रतन टाटांचे नाव मिळाले. तिथे या विषयाचे प्रात्यक्षिक सुरू करायचे ठरलेच, तर प्राध्यापक कोपर पश्चिमेला मिळतील. दीडशे मीटरच्या आत शोधायचे की बाहेर, हे पथकाच्या वेळेवर अवलंबून.