मामांचा चैत्रदौरा

प्रत्येक कुळात असा एक मामा असतो की, ज्याला स्वतःच्या घरचे दप्तर उभ्या आयुष्यात लावता आलेले नसते, परंतु भाचरांच्या भवितव्याचा कारभार मात्र कोणी न सोपवता त्याने आपल्या शिरावर घेतलेला असतो. हा मामा बहुधा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होतो; तुटपुंजी पेन्शन, काळी टोपी आणि समोर येईल त्याची तपासणी करण्याची सवय एवढी स्थावरजंगम मिळकत घेऊन घरी परततो; आणि मॅट्रिकला बसलेला भाचा दृष्टीस पडताच त्याच्या अंगी जमाबंदीच्या दिवसांतले चैतन्य पुन्हा संचारते.

माझी परीक्षा मार्चात आटोपली होती आणि निकाल जूनवर होता. तथापि ‘कॉलेज आधी पाहून ठेवले पाहिजे’ असा आमच्या मामांचा हुकूम सुटला आणि ऐन चैत्रात आम्ही नगरहून पुण्याच्या एस.टी.त बसलो. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. याच रस्त्याने धावली, तेव्हा तिच्या स्वागताला आपण जातीने हजर होतो, ही हकीकत मामांनी कंडक्टरला साद्यंत ऐकवली. त्याने ती आदराने ऐकून घेतली आणि आमच्या ट्रंकेचे भाडे वसूल केले.

१८८५ साली स्थापन झालेले, वामन शिवराम आपटे आणि आगरकर यांच्यासारखे प्राचार्य लाभलेले फर्ग्युसन कॉलेज आम्ही अर्ध्या तासात निकालात काढले. ती दगडी इमारत, ते अँफीथिएटर, मागची ती टेकडी पाहून माझा ऊर भरून आला असताना मामांनी फाटकावरच्या शिपायाला एकच प्रश्न केला, “इथून नारायण पेठ पायी किती मिनिटं?” उत्तरावर विसंबून न राहता त्यांनी खिशातले घड्याळ काढले आणि ते हातात धरूनच आम्ही पेठेची वाट धरली.

पुढचे सहा दिवस आप्तेष्टांच्या मुलाहिज्याचे होते. घरोघरी चैत्रगौरी बसलेल्या असल्यामुळे आंब्याची डाळ आणि पन्हे यांना तोटा नव्हता. तोटा होता तो ओळखीचा. एका वाड्यात यजमानांना आमचे नाते काही केल्या उमगेना, तेव्हा मामांनी वतनाच्या दाव्यात वंशावळ मांडावी तशी चार पिढ्यांची मांडणी करून, मामींच्या मावसभावाचे सासरे आणि यजमानांचे चुलते हे साडू असल्याचे इतके निर्विवाद शाबीत केले की, यजमानांनी पन्ह्याचा दुसरा पेला पुढे करून दावा कबूल केला. नाते रुजू झाले की मामांची चौकशी सुरू होई. “वहिनी, तुम्ही शनिवार करता का हो?” “रात्री पानं किती वाजता मांडता?” “पंगतीला माणसं किती असतात?” परक्या घरच्या स्वयंपाकघराचा हा पंचनामा ऐकताना मी लाजेने इतका चूर होई की, पुढ्यातल्या डाळीची चवही मला कळत नसे.

अखेरच्या रात्री वाड्याच्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात मामांनी लाल बासनातली चोपडी उघडली. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून शिक्षण पुरे करावे, ही पुण्याची जुनी वहिवाट. तिच्या हिशेबाने चोपडीत सातही वार मांडलेले होते. सोमवारी नारायण पेठ, अठरा मिनिटे. मंगळवारी सदाशिव पेठ, पाने साडेआठाला. शनिवारपुढचे पहिले नाव ‘वहिनींचा उपवास’ असा शेरा मारून खोडले होते आणि तिथे मामींच्या त्या मावसभावाच्या सासऱ्यांच्या साडूंचे घर चढवले होते. कॉलेजला अर्धा तास का पुरला आणि नात्यांना सहा दिवस का लागले, याचा उलगडा मला तेव्हा झाला. गुरुवारपुढे मात्र कोणत्याच घराचे नाव नव्हते. ‘खानावळ, माझ्या पेन्शनीतून’ एवढेच लिहिले होते.

मला काय बोलावे ते सुचेना. अखेरीस मी चाचरत विचारले, “मामा, आणि मी नापास झालो तर?”

मामांनी चोपडी बासनात बांधली. “मग धाकटा येईल,” ते म्हणाले. “लागलेला वार सोडायचा नसतो.”