ब्रेकमधली हवा काढणे : पार्किंगमधल्या नवशिक्यांसाठी

दुचाकीचा डिस्क ब्रेक मऊ झालाय हे कळायला थोडा वेग लागतो. ही सोय कल्याण-शीळ रस्त्यावर नाही. तिथला पत्रीपूल पाडल्यापासून नवा खुला होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०१८ ते जानेवारी २०२१, कोंडीत कल्याणकरांचे क्लच झिजले. ब्रेक मात्र कोरे राहिले असणार. घोडबंदरच्या गायमुख उतारावर, पुढे कंटेनर असताना लिव्हर मुठीला टेकली की निदान पक्कं. एवढं धाडस नको असेल तर पार्किंगमध्येच लिव्हर भराभर दाबा. दाबता दाबता घट्ट होत गेली, तर आत हवा आहे.

ब्रेक ऑइल दाबून आक्रसत नाही, हवा आक्रसते. शिवाय हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं असतं काय? नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ला उकळू शकतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. शेजाऱ्यांकडची अर्धी उरलेली बाटली आणू नका, सीलबंद घ्या. हँडलवरच्या ऑइलटाकीच्या झाकणावर छापलेला डॉटच घ्या. आकडा मोठा म्हणून डॉट ५ उचलाल, तर ते सिलिकॉनचं निघेल. त्याची डॉट ४शी सोयरीक जमत नाही.

साहित्य : आठचा पाना (काही गाड्यांना दहाचा), पारदर्शक नळी, रिकामी बाटली, फडकी आणि लिव्हर दाबायला एक माणूस. धाकटा भाऊ उत्तम. वडील नकोत, ते ऐन वेळी लिव्हर सोडून त्यांच्या बजाज सुपर स्कूटरबद्दल सांगू लागतील, आणि तिला डिस्क ब्रेक नव्हताच.

ब्रेक ऑइल रंग खातं. फडकं आधी शेजाऱ्याच्या गाडीवर टाका, मग आपल्या पेट्रोलच्या टाकीवर. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

ऑइलटाकीच्या झाकणाचे दोन स्क्रू नीट बसणाऱ्या पेचकसानेच उघडा. डोकं घासलं, की अख्खा रविवार त्यातच.

आता नळीचं एक टोक कॅलिपरच्या निप्पलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून. भावाला म्हणा, "दाब. धरून ठेव." निप्पल पाव आटा सैल करा. चहाच्या रंगाचं ऑइल आणि बुडबुडे सरकतील, लिव्हर खाली जाईल. निप्पल आवळा. मगच "सोड." हा क्रम उलटला, तर काढलेली हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि वरची ऑइलटाकी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही. मध्ये सोसायटीचे सेक्रेटरी येऊन "काय चाललंय?" विचारतील. मान वर करू नका.

तरी मऊच? जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर रात्रभर मुठीला बांधा. बारीक बुडबुडे वर चढतात. सकाळी पहिली फेरी गेटपर्यंत, चालण्याच्या वेगाने. तरीही फरक नसेल तर सील किंवा होज गेलाय. एबीएस असेल तर त्याच्या युनिटमधली हवा काढायला मशीन लागू शकतं. तिथे हट्ट नको. गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या. तो पहिल्यांदा विचारेल, "आधी कोणी हात लावला?" भावाचं नाव सांगा.