आधी घास, मग विकास

कुशल मनुष्यबळ हवं, असं प्रत्येक उद्योग मेळाव्यात ठासून सांगितलं जातं. मग आयटीआय, कौशल्य केंद्र, फीत, भाषणं. सगळी धावपळ अठराव्या वर्षी. मेंदूचा जवळपास ८० टक्के आकार तयार झालेला असतो दुसऱ्या वाढदिवसापर्यंत!

तोवर मुलांच्या पोटात जातं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या दहा मुलांत एकालाही धड पुरेसा आहार मिळत नाही. आणि आपण म्हणे श्रीमंत राज्य.

आईबापच ठेंगणे, असं म्हणून हात झटकू नका. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांची वाढ खुंटलेली होती. कुपोषणाविरुद्ध राजमाता जिजाऊ अभियान सुरू झालं, यंत्रणा हलली, आणि २०१२ पर्यंत हे प्रमाण पाव हिश्श्याखाली आलं. सहा-सात वर्षांत काय रक्त बदललं?

ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात काही खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, काही खेड्यांत नुसतं गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेले पुरुष मोठेपणी तासाला सुमारे ४६ टक्के जास्त कमवत होते. तीन वर्षांनंतर पेज मिळालेल्यांच्या मजुरीत मात्र फरक दिसला नाही.

वेळ गेली की गेली.

अंगणवाडी सेविका बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळते. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की तांबडा रंग. मूल तीव्र कुपोषित. नोंद होते, अहवाल वर जातो. पट्टीने पोट भरत नाही.

आणि बाळ जन्मायच्या आधीचं काय? राज्यातल्या जवळपास निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. उपाशी आईच्या पोटी धडधाकट मूल कुठून येणार?

मुलांच्या ताटाला सरकारलेखी मोल किती, तेही बघा. शाळकरी मुलांच्या अंड्यांचा निधी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. अंडी द्यायचीच असतील तर लोकवर्गणी काढा, म्हणाले. उड्डाणपुलासाठी कधी वर्गणी मागितलीय?

गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचं मूल यांच्या ताटाला अर्थसंकल्पात पहिला मान हवा. कौशल्य केंद्रं त्यानंतर.

मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता-गटार विचाराच. पण आधी विचारा: गावात तांबड्या पट्टीची मुलं किती, आणि त्यांना आज जेवायला काय मिळालं? उत्तर नसेल, तर मतही नाही.