उलटी उतरंड

आमच्या घरातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर नेमका किती वर्षांचा, यावर घरात एकमत नाही. त्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, १९९९ चं आहे. आतला मदरबोर्ड २०१७ चा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, तिसरा, माउस बहुधा नववा. मुलगी म्हणते, मदरबोर्ड म्हणजेच कॉम्प्युटर, तेव्हा तो आठ वर्षांचा. बायको म्हणते, आजवर त्यात गेलेल्या पैशांकडे बघितलं तर शंभराच्या खाली नसावा. आमचे अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा चष्मा काढून निकाल दिला, "आपण दर मे महिन्यात कौलं परततो. फुटकी काढतो, नवी घालतो. म्हणून काय दर वर्षी वास्तुशांत करतो?"

तर तो सव्वीस वर्षांचा आहे. कर्जतमध्ये राहून अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

१९९९ साली अख्खा कॉम्प्युटर एकदम विकत घेणं मला झेपणारं नव्हतं. मी खोपोलीला कारखान्यात नोकरीला होतो, रोज शटलने जाऊन-येऊन. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा तर किंमत ऐकूनच पाणी प्यावं लागे. म्हणून ठरवलं, लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणायचा आणि घरी जोडायचा. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं भारदस्त नाव आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारही क्षणभर विचारात पडतो.

बोनसमध्ये पहिल्यांदा बसला तो मॉनिटर. पंधरा इंची, काचेच्या नळीचा, मागे भलंमोठं कुबड असलेला. शहाण्या माणसाने मॉनिटर शेवटी घ्यावा, हे मला नंतर कळलं. तो घेऊन दादरला कर्जत लोकलमध्ये चढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून टॅक्सी करून सीएसटी गाठलं आणि दुपारच्या गाडीच्या मालडब्यात शिरलो. शंभर किलोमीटरचा प्रवास. डब्यात सकाळी मुंबईला भाजी विकून परतणाऱ्या बायका, रिकाम्या पाट्या, दुधाच्या किटल्या. माझ्या खोक्याकडे बराच वेळ बघून एका मावशीने विचारलं,

"टीवी का?"

"नाही, कॉम्प्युटर."

"मग बाकीचा कुठाय?"

"बाकीचा पुढल्या महिन्यात."

तिने शेजारणीकडे बघितलं. कुठल्या दुकानदाराने या भल्या माणसाला फसवलं असेल, असा तो बघण्याचा प्रकार होता.

बाकीचा पुढल्या महिन्यात आला नाहीच. मॉनिटर बैठकीच्या खोलीत टेबलावर एकटाच बसून राहिला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर पितळी गणपती ठेवला. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. आजूबाजूची लहान मुलं त्याच्या काचेत तोंडं वेडावून दाखवत. तेवढा एक प्रोग्राम त्यावर व्यवस्थित चालत होता.

उशीर व्हायचं कारण तैवान. २१ सप्टेंबर १९९९ ला तिथे मोठा भूकंप झाला, चिप बनवणारे कारखाने काही काळ बंद पडले आणि रॅमचे भाव भडकले. चौसष्ट एमबीचे पैसे साठवून मी लॅमिंग्टन रोडला पोचलो, तेव्हा तेवढ्या पैशांत बत्तीस मिळत होती. तैवान हा देश कर्जतच्या इतका जवळ आहे हे मला भूगोलाच्या पुस्तकाने कधी सांगितलं नव्हतं. सेलेरॉन ३६६ चा प्रोसेसर, ४.३ जीबीची हार्ड डिस्क आणि बत्तीस एमबी रॅम, असा संसार दिवाळीनंतर एकदाचा मांडला. विंडोज ९८ सुरू झालं आणि धापा टाकू लागलं.

अण्णा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "चढ जास्त आहे. मागून इंजिन लाव."

हे कर्जतबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती नुसता वडापाव खायला नव्हे. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. तो एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं जोडतात आणि ती तिला ढकलत वर नेतात. त्यांना बँकर म्हणतात. अण्णांची सगळी नोकरी या जोडण्या-सोडण्यात गेली. तेव्हापासून आमच्या घरात रॅम वाढवण्याला 'बँकर लावणे' असंच म्हणतात. मुलीने हा शब्द कॉलेजात वापरला आणि सगळ्यांना वाटलं, हिच्या घरचे कर्ज काढून कॉम्प्युटर घेतात.

घरी जोडलेल्या कॉम्प्युटरचे अपघातही घरगुती असतात. एसएमपीएसच्या पाठीवर तेव्हा एक लाल खटका असे. एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. आपल्या विजेला २३० हवं. एका रविवारी धूळ पुसताना फडक्याच्या टोकाने तो माझ्याच हातून सरकला आणि मी बटण दाबलं. फटाका वाजला, निळा धूर आला, घरातले दिवे गेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्ता कुठली रे दिवाळी?" पहिला एसएमपीएस असा गेला. दुसरा पालीने नेला. बाहेर पावसाचा गारठा आणि आत उबदार जागा, तेव्हा तिचंही काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

आमच्याकडचा पावसाळा हा हार्डवेअरचा खरा परीक्षक. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास, पापडांना बुरशी. जूनच्या अखेरीस एके सकाळी कॉम्प्युटर सुरूच होत नाही, नुसता लांब लांब पिंऽऽ पिंऽऽ करतो. मग रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचे, फुंकर मारायची आणि परत खटकन बसवायची. ओलीने त्या दातांवर साय धरते, ती खोडरबराने जाते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर हा उपचार केल्यापासून मला गल्लीत डॉक्टरचा मान आहे. फी म्हणून चहा मिळतो. एके ठिकाणी अळूवडी मिळते, त्या घरातली रॅम मी थोडी जास्त वेळ घासतो. उन्हाळ्यात वेगळं दुखणं. वीटभट्ट्यांची तांबडी धूळ पंख्यावर बसते आणि मे महिन्यात कॅबिनेट उघडलं की आत मंगलोरी कौलांचा रंग दिसतो.

विजेचं तर विचारूच नका. खोपोलीला शटलमधून उतरलं की डोंगरावरून उतरलेले टाटांचे जाडजूड पाईप दिसतात. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी त्यांतून खाली कोसळतं आणि १९१५ पासून तिथे मुंबईसाठी वीज होते. आमच्या तालुक्यात भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. म्हणजे मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर फिरल्या ती आमच्या अंगणातली. आणि आम्ही मात्र यूपीएसच्या पिपाणीवर कान ठेवून, 'सेव्ह कर, सेव्ह कर' असं ओरडत मोठे झालो. अण्णांचा पेन्शनच्या कार्यालयाला लिहिलेला एक अर्ज तीन वेळा पुसला गेला. चौथ्यांदा त्यांनी तो हाताने लिहिला आणि काम झालं. या गोष्टीचा ते अजून पुरावा म्हणून वापर करतात.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी कॅबिनेट उचलून माळ्यावर नेलं. आईने तांदळाची कोठी दाखवली, अण्णांनी जमिनीच्या कागदांची पिशवी, आणि मी डोक्यावर कॉम्प्युटर घेऊन शिडीवर. त्या क्षणी कोणाला काय प्रिय आहे ते सगळ्यांना दिसलं. त्यावर नंतर कोणी बोललं नाही, मीही बोललो नाही. सहा वर्षांनी थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव दुपटीला पोचले. तेव्हा मला त्या लोकांविषयी मनापासून वाईट वाटलं. त्यांच्याकडे माळा नव्हता.

आता उतरंडीविषयी. आमच्या लहानपणी घरात कपडे वरून खाली येत. मोठ्या भावाची चड्डी मला, माझी धाकट्याला, धाकट्याची मग पायपुसण्याला. पुस्तकांचं तेच, कंपासपेटीचं तेच. कॉम्प्युटरने घरात येऊन ही उतरंड उलटी केली. नवा भाग येतो तो सगळ्यात धाकट्या माणसासाठी, म्हणजे मुलीसाठी, कारण तिचा अभ्यास, तिचे प्रोजेक्ट, आणि अभ्यास या नावाखाली जे काही चालतं ते. तिचा जुना प्रोसेसर तिच्या आईकडे. आईकडून सुटलेला माझ्याकडे, कारण माझं काम काय तर विजेची बिलं आणि एखादा लेख. आणि मी टाकलेलं अण्णांकडे. त्यांना पत्ते खेळायचे असतात आणि सातबारा बघायचा असतो. कर्जतमध्ये फार्महाऊसवाले आल्यापासून सातबारा बघणं हा इथल्या ज्येष्ठांचा मुख्य छंद झाला आहे. स्वतःचा बघून झाला की ते शेजाऱ्याचा बघतात. पत्त्यांविषयी मात्र त्यांची तक्रार आहे. कर्जत लोकलमध्ये रोज बैठक जमवणारा माणूस, स्क्रीनवर एकटाच खेळताना म्हणतो, "या गाडीत भिडूच नाहीत."

घरातला सगळ्यात अनुभवी माणूस सगळ्यात जुन्या यंत्रावर, आणि बारावी व्हायची आहे ती सगळ्यात नव्यावर. यात अन्याय आहे असं मला एकदा वाटलं. अण्णांना म्हटलं, "अण्णा, या खेपेला नवा तुम्हाला घेऊ." ते म्हणाले, "मला कशाला? घाट तिला चढायचाय. मी उतारावर आहे, मला ब्रेक चांगले दे."

या उतरंडीतून जे गळतं ते माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत जातं. बायकोचा त्या ट्रंकेवर डोळा आहे. दर दसऱ्याला ती भंगारवाल्याचं नाव काढते आणि मी २०२० चं नाव काढतो. त्या वर्षी शाळा घरात आली, ऑफिस घरात आलं, बायकोच्या शिकवण्याही घरातच राहिल्या, आणि कॉम्प्युटर दोनच. दुकानं बंद. मी ट्रंक उघडली. त्यातून एक मदरबोर्ड निघाला, दोन वेगवेगळ्या काळातल्या रॅमच्या पट्ट्या निघाल्या, त्या एकमेकींशी बोलेनात म्हणून एक परत ठेवली. मुलीच्या जुन्या खेळण्यातल्या मोटारीचा स्क्रू हार्ड डिस्कला बसला. दोन दिवसांत तिसरा कॉम्प्युटर उभा राहिला. कॅबिनेट नव्हतं, तेव्हा तो चपलांच्या खोक्यात होता. सगळं इयत्ता सहावीचं भूमितीचं प्रकरण त्या खोक्यातून झालं. ट्रंक अजून घरात आहे ती एवढ्या पुण्याईवर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल संपली. अण्णांच्या डब्यातला पेंटियम जी४५६० मूळचा मुलीचा, मग हिचा, मग माझा, आणि आता त्यांचा. त्याला विंडोज ११ ने दारातच अडवलं. तुमचा प्रोसेसर बसत नाही, म्हणे. चालतो, बोलतो, सातबारा दाखवतो, पण बसत नाही. निवृत्तीचं वय झालं म्हणून घरी बसवलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचं वाटलं असावं. अण्णा काही बोलले नाहीत. मी त्यावर लिनक्स मिंट चढवलं, पत्ते शोधून दिले, त्यांचं समाधान झालं.

त्याच वेळी हार्ड डिस्क काढून मुलीची सुटलेली एसएसडी लावली. मदरबोर्डचं काही अडलं नाही. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं आणि बोर्डाचे स्क्रू आजही त्याच भोकांत बसतात. पण एसएसडी घरोघरी यायच्या कितीतरी आधीचा हा डबा, त्यात तिला जागा कुठली? ती दुहेरी टेपने चिकटवली आहे. फ्लॉपीची खाच मात्र तशीच आहे, तिच्यात अण्णा दूधवाल्याच्या चिठ्ठ्या ठेवतात.

एसएसडीने एक घोटाळा केला. इतकी वर्षं अण्णांचा क्रम ठरलेला होता. सकाळी बटण दाबायचं, स्वयंपाकघरात जायचं, आलं किसायचं, चहा ठेवायचा, कप घेऊन परत यायचं. तोवर विंडोज जागं झालेलं असे. आता डबा पंधरा सेकंदांत तयार होतो. त्यांना म्हटलं, "अण्णा, आता थांबायला नको, लगेच बसा." त्यांनी मान डोलावली, बटण दाबलं आणि आलं घेऊन ओट्याकडे गेले. परत आले तर स्क्रीन काळी.

"अरे, हा तर झोपला की."

मी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन झोपण्याची वेळ दहा मिनिटांची वीस केली. आलं त्यांना बारीकच किसलेलं लागतं.