कोणतं स्टेशन, तेवढं सांगा

सोलापूर, मिरज किंवा नगरच्या माणसाने रिक्षात बसून "स्टेशन" एवढं म्हटलं की रिक्षा निघते. पुण्यात शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन यांतलं एक निवडावं लागतं, पण ते तुमच्या बॅगा बघून रिक्षावालाच निवडतो. बेंगळुरूत मात्र तुम्ही "स्टेशनला चला" म्हणालात, तर ड्रायव्हर मागे वळून आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघतो. त्या नजरेत दया असते.

मुख्य स्टेशन या शहराला नाही असं नाही. आहे, आणि चांगलं दहा फलाटांचं आहे. त्याचं अधिकृत नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. पाटीवर ते केएसआर होतं, तिकिटावर अजून जुना कोड एसबीसी आहे, रिक्षावाला त्याला मॅजेस्टिक म्हणतो आणि जुना बेंगळुरूकर सिटी. एवढी नावं पाठ झाली की पाहुणा निश्चिंत होतो, आणि मग त्याला कळतं की त्याची गाडी इथे येतच नाही, ती यशवंतपूरला येते. किंवा सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनलला. किंवा कॅन्टोन्मेंटला, जिथे जोलारपेट्टैहून येणारी गाडी 1864 मध्येच पोचली होती. कृष्णराजपुरम आणि यलहंका राहिलेच.

बरं, नावं थोरांची आहेत. रायण्णा हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी. इंग्रजांनी त्यांना 1831 मध्ये फाशी दिलं ते खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, जिथल्या बाजारात आजही मराठी कानावर पडतं. विश्वेश्वरय्यांवर तर पुणेकरांचा हक्कच आहे. त्यांचं इंजिनिअरिंग पुण्याच्या सायन्स कॉलेजात झालं, नोकरीची उमेदीची वर्षं मुंबई इलाख्यात गेली, आणि पूर आला की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे खडकवासल्याला 1903 मध्ये बसले. मैसूरचे दिवाण ते त्यानंतर, 1912 साली. तेव्हा स्टेशनला त्यांचं नाव दिलं हे योग्यच झालं. फक्त ते दोन स्टेशनांना दिलं. मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर सेंट्रल कॉलेजजवळ सर एम. विश्वेश्वरय्या नावाचं स्टेशन आहे. रेल्वेचं सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल बैयप्पनहळ्ळीला, म्हणजे त्याच मार्गावर आणखी आठ स्टेशनं पुढे. आणि बैयप्पनहळ्ळीला उतरल्यावर समोर जे रेल्वे स्टेशन दिसतं, ते टर्मिनल नव्हे. ते बैयप्पनहळ्ळी. टर्मिनल त्याच्याही पलीकडे, 2022 मध्ये सुरू झालेलं, सात फलाटांचं, वातानुकूलित. विमानतळासारखं दिसावं म्हणून खास तसं बांधलंय आणि पोचायलाही तसंच आहे.

केंपेगौडांचं प्रकरण याहून मोठं. 1537 मध्ये त्यांनी हे शहर वसवलं, त्यामुळे त्यांच्या नावाला कोण हरकत घेणार? विमानतळ केंपेगौडा. मॅजेस्टिकचा बसस्टँड केंपेगौडा. त्याच्या शेजारी जमिनीखाली जिथे जांभळी आणि हिरवी मेट्रो एकमेकींना छेदतात, ते स्टेशन नाडप्रभु केंपेगौडा. यांतला बसस्टँड जिथे आहे तिथे पूर्वी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हा त्यांच्या घोड्यांना त्या भागात पाणी तरी मिळालं असेल. आता तिथे ज्याला त्याला दिशा विचारावी लागते.

हे सगळं मी बेळ्ळंदुरात बसून लिहितोय. बेळ्ळंदूर हे निवृत्त मराठी आई-बापांचं हवा खाण्याचं नवं ठिकाण आहे, आणि ते हवेसाठी कुणी निवडलेलं नाही. मुलं-मुली इथल्या आयटी पार्कांत आहेत, नातवंडं इथल्या शाळांत. शेजारी तळं आहे. त्या तळ्याला फेस यायचा आणि त्या फेसाला आग लागायची. हे वर्तमानपत्रात वाचून आमच्या हिने मुलीला फोन करून विचारलं होतं, "अगं, तुमच्याकडे पाणी पेटतं म्हणजे नक्की काय होतं?" बाकी आऊटर रिंग रोड आहे, त्यावर निळ्या मेट्रोचं काम आहे आणि कामाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या आहेत. या गाड्या पार्क केलेल्या नसून प्रवासात आहेत, हे कळायला नवख्याला थोडा वेळ लागतो.

सोसायटीच्या बागेत एक बाक आहे. संध्याकाळी त्यावर नागपूरकर, बेळगावकर, मिरजकर आणि मी असे बसतो. तिथे स्टेशनांची चर्चा लग्नाच्या स्थळांसारखी चालते: घराणं, वागणूक, पोचायला किती लांब. बेळगावकरांना संगोळ्ळी रायण्णाशिवाय दुसरं स्टेशन मान्य नाही. तो त्यांच्या जिल्ह्याचा माणूस, आणि बेळगावची वंदे भारतही 2025 च्या ऑगस्टपासून तिथूनच सुटते. मिरजकर राणी चन्नम्मा एक्सप्रेसवाले. त्यांचं म्हणणं, शहाणा माणूस यशवंतपूरला उतरतो. पुढे सिटीपर्यंत जातात ते हौशी. नागपूरकरांची संघमित्रा विश्वेश्वरय्या टर्मिनलला येते, त्यामुळे तिथल्या वातानुकूलनाचा कौतुकसोहळा त्यांच्याकडे. टर्मिनलहून घरी यायला किती वेळ लागला, हे मात्र ते सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर थंड हवेवर येतात.

या बाकावर एकदा मी बातमी फोडली की बेळ्ळंदूरला स्वतःचं स्टेशन आहे. कुणी विश्वास ठेवेना. पण आहे. बेळ्ळंदूर रोड, बैयप्पनहळ्ळीहून होसूरकडे जाणाऱ्या मार्गावर, पणत्तूरच्या बाजूला. मी ते बघून आलो आणि सांगतो, या शहरात इतकं सोपं स्टेशन दुसरं नाही. चुकायला जागाच नाही. अडचण एवढीच की लांबच्या गाड्या बहुतेक त्याच्याकडे न बघता निघून जातात, थांबतात त्या थोड्याफार पॅसेंजर. बेळगावकर म्हणाले, "म्हणजे स्थळ चांगलं आहे, पण मुलगा घरी नसतो."

अशा वेळी सोलापूरहून साडूभाऊ निघाले. साडूभाऊ, सोबत आमच्या हिची ताई आणि सोबत शेंगाची चटणी, कडक भाकरी, चादरी वगैरे मिळून एक छोटं दुकान. गाडी उद्यान एक्सप्रेस. दुपारी सोलापुरात बसायचं आणि सकाळी बेंगळुरू. मुलीने त्यांना आठवडाभर आधी समजावलं, "काका, शेवटपर्यंत जाऊ नका. एक स्टेशन अलीकडे कॅन्टोन्मेंट लागतं, तिथे उतरा. आम्हाला ते सोयीचं आहे." साडूभाऊ म्हणाले, "तिकीट शेवटपर्यंतचं काढलंय." रेल्वेला एका स्टेशनाचे पैसे फुकट सोडायचे, ही कल्पना त्यांना सहन होईना. शेवटी मुलीने व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहून पाठवलं की गाडीतून उतरल्यावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं आणि नाडप्रभु केंपेगौडा मेट्रो स्टेशनच्या दाराशी कसं यायचं. साडूभाऊंनी अंगठा पाठवला.

आम्ही दोघं उजाडताच निघालो. रिंग रोडवरून 500-डी बसने टिन फॅक्टरी, तिथून कृष्णराजपुरची मेट्रो. मेट्रोबद्दल तक्रारीला जागा नाही. दोन्ही टोकं जोडली गेल्यापासून, म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरपासून, पूर्वेकडच्या माणसाला शहरात जाण्याचा तो एकमेव मार्ग आहे ज्याची वेळ आधी सांगता येते. बैयप्पनहळ्ळी गेलं, इंदिरानगर गेलं, आणि थोड्या वेळाने घोषणा झाली: सर एम. विश्वेश्वरय्या. हिने पिशव्या उचलल्या. "अहो, उतरा, नागपूरकरांचं स्टेशन आलं!" मी तिला खडकवासल्यापासून सगळं समजावेपर्यंत मॅजेस्टिक आलं.

मॅजेस्टिकच्या पोटातून वर यायला जिने किती, हे मोजण्याच्या फंदात पडू नये. बाणांच्या पाट्या आहेत, दोन भाषांत आहेत, चांगल्या आहेत. पण पाटी वाचायला थांबावं तर मागचा माणूस थांबत नाही. ज्या बाजूला सगळी गर्दी चालली होती त्या बाजूला आम्हीही गेलो आणि स्टेशनात आलो. उद्यान आलेली होती. साडूभाऊ नव्हते.

फोन लावला.

"कुठे आहात?"

"एक नंबरला."

"आम्हीपण एक नंबरलाच आहोत."

"मग दिसत कसे नाही? हात वर करा बघू."

मी हात वर केला. त्याबरोबर लाल डगल्यातले दोन हमाल येऊन उभे राहिले.

"हात केला. दिसला?"

"नाही. तुम्ही जिन्याजवळ या."

जिना होता. आम्ही जिन्याजवळ गेलो, हमालही आले.

"समोर काय दिसतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"बस."

"फलाटावर?"

"फलाटावरच. एक नाही, ओळीने आहेत. कंडक्टरही ओरडतोय."

यातलं मराठी काहीही न कळता, त्या हमालांपैकी वयस्कर हमालाने 'बस' एवढाच शब्द ऐकला आणि ओळखलं. "केंपेगौडा," तो हसत म्हणाला आणि रस्त्याखालच्या भुयाराकडे बोट दाखवलं. या शहरात मला भेटलेला हा सर्वांत चांगला नकाशा. त्याला काही देऊ केलं तर घेईना; सामान उचललं नाही, मग पैसे कसले?

झालं होतं ते असं. साडूभाऊंनी मुलीच्या संदेशातलं केंपेगौडा तेवढं लक्षात ठेवलं होतं. सोलापूरकर असल्यामुळे कानडी त्यांना येतं, आणि ते वापरायची संधी ते सोडत नाहीत. बाहेर पडताच त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, "केंपेगौडा एल्लि अद री?" त्या माणसाने त्यांच्या उत्तरेकडच्या कानडीला हिंदीत उत्तर दिलं, हा अपमान साडूभाऊ अजून विसरलेले नाहीत. पण उत्तर अचूक होतं. सरळ जा, भुयारातून पलीकडे निघा, केंपेगौडा. तसे ते गेले, बसस्टँडचा एक नंबर फलाट गाठला आणि सामान मांडून बसले. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर. केंपेगौडाच दोन निघाले. तिसरा देवनहळ्ळीला आहे आणि तिकडे विमानतळाच्या बसेस त्याच आवारातून सुटतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ताई पहिल्यांदा बोलल्या. "मी यांना म्हटलं होतं, एसी बस बरी दिसतेय, त्यात बसू."

मग आम्ही कॉफी घेतली. इथे एका कॉफीचे दोन पेले करून मागायची रीत आहे, तिला बाय-टू म्हणतात. चौघांत दोन कॉफ्या. साडूभाऊंना बेंगळुरूतली आवडलेली ही पहिली गोष्ट. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "शहर वाईट नाही. स्टेशन तेवढं पसरट आहे."

परतीचं तिकीट त्यांनी घरी पोचल्यावर दाखवलं. हासन-सोलापूर गाडीचं, चढायचं यशवंतपूरला. बाकावरच्या मिरजकरांना हे कळताच त्यांनी साडूभाऊंना जेवायलाच बोलावलं.

तेव्हा बेळ्ळंदूरला येणाऱ्या समस्त आई-बाबा, काका-काकूंना विनंती, की गाडीचं नाव कळवू नका, तिकिटावरचा कोड कळवा. एसबीसी असेल तर मॅजेस्टिक, वायपीआर असेल तर यशवंतपूर, एसएमव्हीबी असेल तर बैयप्पनहळ्ळीचं टर्मिनल, केजेएम असेल तर कृष्णराजपुरम आणि तुम्ही नशीबवान. गाडी कॅन्टोन्मेंटला थांबत असेल तर तिथेच उतरा, पुढच्या स्टेशनाचे पैसे रेल्वेला खुशाल सोडून द्या. मात्र तिथे पुनर्बांधणीचं काम काढलेलं आहे, म्हणून गाडी थांबते का ते आदल्या दिवशी बघून ठेवा. उतरल्यावर फलाट सोडू नका. आणि फोनवर "एक नंबर" म्हणायच्या आधी समोर रूळ आहेत का, तेवढं बघा.