वीस लिटरच्या कॅनरावांस अनावृत पत्र

श्रीमान कॅनराव, मुक्काम पोस्ट स्वयंपाकघराचा कोपरा, बेंगळुरू, यांस,

कृ. सा. न. वि. वि. यातला साष्टांग तूर्त कागदावरच समजावा. खाली वाकलेला माणूस सरळ उठेल याची हमी आपल्या शहरात हल्ली कुणी देत नाही.

पत्रास कारण, आपला महिमा. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटर लांबून आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर चढवून इथे आणतात. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी अशा टप्प्यांनी पंप अहोरात्र धापा टाकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवी योजना सुरू झाली, तिनं दिवसाला आणखी ७७.५ कोटी लिटरची सोय केली. एवढी सगळी उचल यंत्रांनी केली. फरशीपासून डिस्पेन्सरच्या डोक्यापर्यंतचे शेवटचे तीन फूट तेवढे माणसाच्या कमरेवर सोडले. आपल्या पोटातलं पाणी कावेरीचं की बोअरचं, हे मी विचारत नाही. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, कॅनचं तर नाहीच नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये बोअर आटले, पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लागला, तेव्हाचा आपला रुबाब काय वर्णावा! जावयाची कुणी अशी वाट पाहिली नसेल.

आता आपल्या भक्तांविषयी. सर्जापूर रोडवरचे आमचे एक शेजारी, मूळचे सांगलीचे. कमरेला आधार देणारी महागडी खुर्ची त्यांनी घेतली आहे. जिममध्ये लोखंड उचलताना आरशात कणा ताठ आहे ना, हे तपासतात. आणि सकाळी, एका डोळ्यात अजून झोप असताना, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, कमरेतून घडी घालून आपली मान पकडतात. उचलला कॅन, लावला डिस्पेन्सरला! डिस्पेन्सर डावीकडे, म्हणून वाटेत कमरेला एक पीळ. वर पाणी सांडू नये म्हणून शेवटी एक हिसका. पाणी सांडत नाही. कमरेत उसण भरते. मग भिंत धरून उभे राहतात आणि खुर्चीला शिव्या देतात.

कॅनराव, आपण वीस किलोंचे, हा तर आपला विनय. अंगापासून अर्धा मीटर लांब धरलं की आपण काय होता, ते कमरेला विचारा. पाठीचे स्नायू मणक्यांपासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे. तराजूची एक दांडी दुसरीच्या दसपट लांब झाली की वीस किलोंना तोलायला स्नायूंना दोनशे किलोंची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. हे सगळं चिरडतं मणक्यांमधल्या गादीला. त्यातून सकाळची वेळ. रात्रभर आडवं पडून गादी पाणी शोषून फुगलेली असते, वाकताना तिच्यावर ताण जास्त येतो. म्हणजे आपल्या आगमनाचा मुहूर्त आणि गादी फुटायचा मुहूर्त एकच! तासाभरानं उचललं तर आपला काही अपमान होणार नाही ना?

अमेरिकेत निऑश नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या १९९१ च्या हिशोबात सगळं मनासारखं जुळलं, तर २३ किलोंपर्यंत उचलायला हरकत नाही. ओझं अर्धा मीटर लांब गेलं की तोच आकडा निम्मा. म्हणून पाय थोडे फाकवून आपल्या अगदी जवळ उभं राहावं, एक पाऊल किंचित पुढे. नितंब आणि गुडघे वाकवून खाली जावं, आपल्याला छातीशी कवटाळावं, मांड्यांच्या जोरावर उठावं आणि वळायचं तर पावलं वळवावीत, कंबर नव्हे. काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालणारी ती म्हणीतली बाई विसराळू असेल, पण ओझं धरायची तिची पद्धत बिनचूक होती.

तरी यावर फार विसंबू नये. ऑफिसात ‘पाठ ताठ, गुडघे वाका’ असा तासाभराचा वर्ग होतो, प्रमाणपत्र मिळतं, वर समोसा. २०११ मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या शिकवणीनं पाठदुखी टळते असं काही हाती लागलं नाही. पुण्यातल्या हमालांना हे कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही. बाबा आढावांची हमाल पंचायत वाकावं कसं हे शिकवा म्हणत बसली नाही, पोतं हलकं करा म्हणाली. शंभर किलोंचं पोतं पन्नासचं व्हावं यासाठी ते लोक भांडले. पन्नास तरी काय कमी आहे म्हणा!

आपल्या बाबतीत तर भांडायचीही गरज नाही. आपल्या तोंडावर बसणारा छोटा पंप काहीशे रुपयांत मिळतो. तो बसवला की आपण जमिनीवरच विराजमान, उचलायची फक्त कळशी. पण महागडी खुर्ची घेणाऱ्या घरात पंप ‘पुढच्या महिन्यात’ येतो.

एक राहिलंच. आपल्याला आणणारा अण्णा. एक खांद्यावर, एक हातात, तिसरा मजला. ‘रहिवाशांसाठीच’ असलेल्या लिफ्टची पाटी त्याला कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत वाचता येते. आमच्या सोसायटीच्या बैठकीत एकानं त्याला पाठीचा पट्टा भेट देऊ या असं सुचवलं, टाळ्या पडल्या. लिफ्ट उघडू या, असं मात्र कुणी बोललं नाही. आपण दहा लिटरचे होऊन आलात तर? खेपा वाढतील आणि पैसे तेवढेच राहतील, असं अण्णा म्हणतो. तेव्हा आधी त्याचा खेपेमागचा दर वाढवून घ्या, मग आपण बारीक व्हा. आपलं वजन पाहता आपला शब्द मोडेल कोण?

आपला,
गुडघे वाकवून,
एक रहिवासी

ता. क. अण्णा खालून रिकामा कॅन मागतो आहे. तो किलोभरसुद्धा भरत नाही. खाली नेऊन द्यायला मात्र घरात प्रत्येकाची कंबर दुखते आहे.